जहाजावरचा टोपी-दुपट्टा

आमच्या साक्षीचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. साक्षी म्हणजे माझी नात, माझ्या मुलाची, प्रसेनजितची, थोरली. लग्न मंगरूळपीरलाच झालं, मे महिन्यात, आणि उन्हानं एक मामा आणि दोन बँडवाले आडवे पडले. पण सांगायचं आहे ते लग्नाबद्दल नाही. सांगायचं आहे ते त्या लग्नात आलेल्या आहेराबद्दल.

आमच्या भागात पुरुषाला आहेर म्हणजे टोपी आणि दुपट्टा. टोपी कोणाच्याच डोक्याला बसत नाही, कारण ती बसावी म्हणून शिवलेलीच नसते. दुपट्टा इतका विरळ असतो की तो तोंडावर घेतला तरी समोरचा माणूस ओळखू येतो. ही टोपी कोणी वापरत नाही. घरी आणतो, पेटीत ठेवतो आणि पुढच्या लग्नात पुढच्या माणसाच्या डोक्यावर ठेवतो. काही टोप्यांनी माझ्यापेक्षा जास्त गावं पाहिली आहेत. मी मेडशीच्या एका लग्नात दिलेली टोपी काही वर्षांनी रिठदच्या लग्नात माझ्याच डोक्यावर आली. आतून माझ्या बायकोनं मारलेला टाका होता, म्हणून ओळखली. मी काही बोललो नाही. आहेराबद्दल बोलत नसतात. तो फक्त घ्यायचा असतो. आहेर नाकारला तर माणूस तुटतो आणि घेतलेला परत केला तर अख्खं घर तुटतं. या एका नियमावर आमचा अर्धा जिल्हा एकमेकांशी बोलतो किंवा बोलत नाही.

तर साक्षीच्या लग्नानंतर आमच्या घरी एक लोखंडी पेटी भरून टोप्या आणि दुपट्टे उरले. त्या पेटीवर बसून मी चहा पीत होतो, तेव्हा प्रसेनजितचा पुण्याहून फोन आला. म्हणाला, "बाबा, लग्नात तुम्ही आणि आई फार दमले. मी तुमची दोघांची जहाजाची सहल ठरवतो. मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं, परत यायचं. दोन रात्री."

मी सगळा जन्म बांधकाम खात्याच्या रस्त्यावर घालवलेला माणूस. आधी अंगठा लावत होतो, पस्तिशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलो आणि मुकादम झालो. मला रस्ता कळतो. ज्याच्याखाली मुरूम नाही त्याच्यावर माझा विश्वास नाही. पण मी नको म्हणायच्या आत माझी बायको बेबी म्हणाली, "मी जाईन, पन कस्तुरा सोबत आली त."

कस्तुराबाई आमची शेजारीण. बेबीनं आणि तिनं तीस वर्षं एका ओळीत बसून लोकांच्या शेतात निंदण केलं. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली. अकोल्याच्या डॉक्टरनं तिला नुकतंच सांगितलं होतं की एक डोळा काचबिंदूनं गेलाच आहे आणि दुसऱ्याचाही भरवसा नाही, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जे पाहायचं ते पाहून घ्या. आता माणसाला असं सांगितलं तर माणूस काय पाहील? नातवंडं, देव, शेत. कस्तुराबाई म्हणाली, "मले असं पानी पाह्याचं हाय ज्याले पल्याडचा काठ नाही. अडान धरनाचा काठ दिसते. मंग ते काय, मोठी इहीरच झाली."

म्हणजे आता माझी हौस, माझी भीती आणि माझे गुडघे यांचा प्रश्नच उरला नाही. कस्तुराबाईला समुद्र दाखवायचा होता आणि तो उन्हाळ्याच्या आत दाखवायचा होता.

बसस्टँडजवळ रविकांत नावाचा एक जण सहलींची तिकिटं काढून देतो. एरवी तो लोकांना शेगाव आणि बुद्धगया करवतो. त्याच्याकडं गेलो.

"काका, भाव खोलीवर असते," तो म्हणाला. "खोली दोघांची. एकटा मानूस गेला तरी पैसे दोघांचेच."

"एकटा मानूस दोन गाद्यायवर झोपते का?"

"झोपो नाही त उभा राहो."

"आन तिसरा आला त?"

"त्याच खोलीत आला त तिसऱ्याले अर्धं."

मी रस्त्याच्या कामावर माप घेतलेला माणूस, मला हिशोब लगेच कळला. कस्तुराबाई वेगळ्या खोलीत गेली तर ती दोन माणसं, आणि आमच्या खोलीत आली तर अर्धा माणूस. बाई एकच. मी रविकांतला विचारलं, असं का? तो म्हणाला, "जहाजाचा नियम हाय." वर हेही सांगितलं की आज काढलं तर हा भाव, उद्या काढलं तर दुसरा, आणि शेवटच्या दिवशी काढलं तर कधी निम्म्यात जातं, कधी मिळतच नाही. एसटीत असं करून पाहा म्हणावं. लोक कंडक्टरला खाली उतरवतील.

मग त्यानं विचारलं, खोली आतली पाहिजे, खिडकीची पाहिजे, का गॅलरीची? इथं मी चुकलो, पण त्या वेळी मला ते शहाणपण वाटलं. आमच्याकडं परक्याला छपरीत बसवतात, ओळखीच्याला पुढच्या खोलीत, आणि मानाच्या पाहुण्याला आतल्या खोलीत. आतली खोली थंड, आतल्या खोलीत गादी, आतल्या खोलीत कोणी ताटकळत ठेवत नाही. आणि हा बाबा आतली खोली सगळ्यात स्वस्त देत होता. मला वाटलं, शहरातल्या लोकांना रीत माहीत नाही, आपण फायदा घ्यावा.

"आतलीच दे," मी म्हणालो.

कस्तुराबाईच्या मुलानं, भागवतनं, तिच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे दिले, पण तोंड वाकडं करून. "एकाच खोलीत तिघं?" एवढंच म्हणाला. बेबीनं त्याला दारातच उत्तर दिलं, "तुह्या मायच्या आन माह्या मधात हे झोपनार नाहीत, भागवत. त्याहिले वर माळ्यावर टाकनार हायेत." हे मला तिथंच कळलं.

कस्तुराबाईला मात्र आपल्याला अर्धं तिकीट का पडलं हे स्वच्छ समजलं होतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तसंच जहाजात. त्यावर बेबीचं डोकं फिरलं. "मंग माहं पुरं काहून? मी बाई नाही का? जलमभर निंदायले गेली त मजुरी मान्साच्या अर्धी. आता तिकिटाले मी पुरी झाली?" तिची समजूत घालायला मला आठ दिवस लागले आणि ती पटली असं मी आजही म्हणणार नाही.

उरला प्रश्न बक्षिसीचा. या विषयातले आमच्या गल्लीतले जाणकार म्हणजे बबनराव. ते एका कचेरीत कारकून होते आणि तीस वर्षं घेणाऱ्या बाजूला राहिल्यामुळं त्यांचा अभ्यास दांडगा होता. ते म्हणाले, "शेषराव, जहाजावर जो तो सलाम मारते. प्रत्येक सलामाले काहीतरी द्या लागते. आन काम व्हायच्या आंदी द्यायचं. काम झाल्यावर जे देतेत त्याले भीक म्हन्तात."

"किती द्यायचं?"

"ते समोरच्याच्या नजरेत दिसते. मले त दिसे."

मला लोकांच्या नजरेत काही दिसत नाही. बेबीनंच तोडगा काढला. "आपल्याले जेवू घालनाऱ्याच्या हातात नोटा ठेवत असतेत का? शोभते का ते? पेटी भरून टोप्या पडल्या हायेत. त्याहिले आहेर करू."

"अवो, ते हाटेल हाय. पान्यावरचं हाटेल."

"असो. मानूस त मानूसच हाय ना."

मी पेटी उघडली. टोप्या, दुपट्टे आणि आहेराला शोभावेत म्हणून सहा नारळ, असं घेऊन आम्ही डिसेंबरात अकोल्याहून रेल्वेनं मुंबईला गेलो.

नारळ जहाजापर्यंत पोचले नाहीत. बंदरावरच्या तपासणीवाल्यानं ते यंत्रातून पाहिले, मग हातात घेऊन पाहिले, मग कानाशी हलवून पाहिले आणि म्हणाला, फळं वर जाणार नाहीत. मी म्हणालो, हे फळ नाही, हा आहेर आहे. त्यानं वरच्या साहेबाला बोलावलं. साहेबानंही एक हलवून पाहिला. शेवटी कस्तुराबाईनं सहाही नारळ तपासणीवाल्याच्या टेबलावर मांडले आणि म्हणाली, "ठेव बाप्पा, लेकरायले चटनी कर." अशा रीतीनं पहिला आहेर ज्यानं आम्हाला अडवलं त्याला झाला.

पुढच्या टेबलावर फोटो काढून प्रत्येकाला एक कार्ड देत होते. खोलीचं कुलूप त्यानंच उघडतं आणि पाण्याच्या बाटलीचे पैसेही त्यातूनच कापतात. कस्तुराबाईनं तिथं आधार कार्ड पुढं केलं आणि म्हणाली, "माहं अर्धं हाय." एसटीत सवय झालेली. त्या मुलीला काही कळलं नाही, तिनं सगळ्यांसारखंच कार्ड दिलं. कस्तुराबाई ते उलटसुलट करत मला म्हणाली, "अर्ध्यावालीले बी पुरंच कार्ड देतेत. चांगले लोक हायेत."

हे सगळं होईपर्यंत अंधार पडला होता. जहाज केव्हा हललं हे आम्हाला कळलं नाही, कारण आम्ही आतल्या खोलीत होतो. त्या खोलीला खिडकी नव्हती. आतली म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. दोन पलंग, एक आरसा, चार भिंती. एका भिंतीवर मात्र मोठं चित्र लावलेलं होतं, समुद्राचं. कस्तुराबाई चांगल्या डोळ्यानं अगदी नाक टेकवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, हे का?"

"नाही वैनी. हे चित्र हाय. खरं उद्या दाखवतो. सकाळी वर जाऊ."

"हाव, उद्या पाहू," ती म्हणाली आणि चित्रावरून हात फिरवून बाजूला झाली.

आमच्या खोलीचं पाहणारा माणूस चाळिशीचा होता, गढवालकडचा, गोविंदसिंग नावाचा. त्याच्या छातीवर नाव इंग्रजीत होतं, ती अक्षरं मला येत नाहीत, म्हणून बेबीनं विचारून घेतलं. त्यानं छतातून माझा पलंग किल्लीनं खाली ओढला आणि शिडी लावली. माझं वय, माझे गुडघे आणि ती शिडी यांच्याकडं त्यानं एकदा पाहिलं, आणि आपला खांदा पुढं केला. मी वर पोचलो. छत नाकापासून वीतभर. त्या क्षणी बेबीच्या मनात आलं की आहेर आत्ताच करावा, माणूस चांगला आहे. मी परत खाली आलो.

गोविंदसिंगला खुर्चीवर बसवलं. तो उठत होता, बेबी बसवत होती. मी टोपी डोक्यावर ठेवली, दुपट्टा खांद्यावर टाकला. नारळ नव्हता म्हणून जेवणाच्या हॉलमधून आणलेलं सफरचंद त्याच्या हातात दिलं. कस्तुराबाईनं आपल्या पिशवीतल्या डबीतलं कुंकू लावलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं का तो घाबरला हे मला नीट कळलं नाही. तो वाकून पाया पडला आणि टोपी हातात धरून पटकन निघून गेला. मला फार बरं वाटलं. बबनरावांच्या नियमाप्रमाणं कामाच्या आधी झालं होतं आणि बेबीच्या नियमाप्रमाणं इज्जतीनं.

सकाळी बेबी उठलीच नाही. जहाज डुलत होतं आणि तिच्या पोटातलं सगळं उलट डुलत होतं. तिनं हातानंच सांगितलं, तुम्ही खाऊन या आणि कस्तुराला पाणी दाखवा. आम्हाला समुद्रात मिळणारा सबंध दिवस हा एवढा एकच होता. उद्या पहाटे मुंबई.

जेवणाच्या हॉलला खिडक्या होत्या, पण त्यांच्याजवळची टेबलं भरलेली होती. आमच्या टेबलावर अकोल्याचा एक किराणा दुकानदार बसला. त्यानं बोलता बोलता आपलं तिकीट सांगितलं. त्यानं शेवटच्या आठवड्यात काढलं होतं आणि गॅलरीवाल्या खोलीला त्याला आमच्या आतल्या खोलीपेक्षा कमी पडले होते. मी पुरी खाली ठेवली. एकाच जहाजात, एकाच पाण्यावर, एकाच पुरीला किती भाव असावेत? कस्तुराबाई म्हणाली, "जाऊ द्या भाऊ. पुरी सारखीच हाय." मग म्हणाली, "चाला वर."

मी म्हणालो, बेबीला पाहून लगेच जाऊ.

खोली उघडली. बेबी भिंतीकडं तोंड करून झोपली होती. माझ्यासाठी ओढलेला वरचा पलंग परत बंद झाला होता, सगळं झाडूनपुसून ठेवलं होतं. आणि दुसऱ्या पलंगावर टॉवेलाचा एक हत्ती बसलेला होता. चांगला सोंडवाला हत्ती, कानबिन सगळं. त्याच्या डोक्यावर आमची टोपी होती. गळ्यात आमचा दुपट्टा होता. पुढ्यात सफरचंद.

कस्तुराबाईनं जवळ जाऊन पाहिलं आणि हसली. "बाप्पा! गनपतीच बसोला."

मला हसू आलं नाही. आमचा आहेर परत आला होता. माझ्या जन्मात असं कधी झालं नव्हतं. ज्या चुलतभावाशी माझं बांधावरून वाजलं होतं त्यानंसुद्धा टोपी ठेवून घेतली होती. आणि हा आहेर नुसता परत आला नव्हता, जनावराच्या डोक्यावर बसून परत आला होता.

"वैनी, मी पाच मिनिटांत येतो."

"भाऊ, आंदी पानी पाहून घेऊ ना. मंग जा."

"इज्जतीचा सवाल हाय."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि पलंगाच्या कडेला बसली, हत्तीशेजारी. मी टोपी-दुपट्टा काखेत मारून निघालो.

खालच्या मजल्यावर चौकशीचं काउंटर होतं आणि पुढं रांग होती. माझ्या पुढच्या माणसाचं भांडण थंड सूपवरून होतं आणि ते सूपापेक्षा जास्त वेळ चाललं. माझा नंबर आला तेव्हा मी टोपी टेबलावर ठेवली. काउंटरवरची बाई मराठी बोलणारी निघाली.

"हरवलेलं सामान का, काका?"

"हरवलं नाही. परत आलं."

तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, हे खोल्यांच्या साहेबांकडं. साहेब वरच्या मजल्यावर. साहेब जेवायला गेले होते. बाहेर बाकावर बसलो. तिथून कुठलीच खिडकी दिसत नव्हती. मी सगळा वेळ आग विझवायच्या नळाकडं पाहत होतो. बऱ्याच वेळानं साहेब आले. त्यांनी हिंदीत समजावलं की गोविंदसिंगची काही चूक नाही. जहाजावरून उतरताना कामगाराची झडती होते. प्रवाशाची वस्तू सापडली आणि ती दिल्याची चिठ्ठी नसली तर ती चोरी धरतात. म्हणून तो घेऊ शकला नाही. आणि नुसतं तसंच पलंगावर ठेवणं त्याला बरं वाटलं नसणार, म्हणून त्यानं हत्ती केला. हत्ती तो सगळ्यांसाठी करत नाही, असंही म्हणाले.

हे ऐकल्यावर खरं तर मी उठून कस्तुराबाईकडं जायला हवं होतं. पण आता चिठ्ठी पाहिजे होती, आणि चिठ्ठी परत खालीच.

परत रांग. बाईनं यंत्र उघडलं. "वस्तूचं नाव?"

"टोपी आणि दुपट्टा."

"किंमत?"

आता याला काय सांगणार? ती टोपी मी घेतलेली नव्हती. ज्यानं मला दिली त्यानं घेतलेली नव्हती. ती पहिल्यांदा कोणी विकत घेतली हे शोधायचं तर वाशिम जिल्ह्यातली कित्येक लग्नं उकरावी लागली असती. मी म्हणालो, "तिले किंमत नसते."

"मग शून्य टाकू?"

"टाका."

यंत्र शून्य घेईना. बाईनं दोनदा पाहिलं, शेजारच्या मुलाला विचारलं, त्यानंही पाहिलं. यंत्राचं म्हणणं होतं की ज्या वस्तूला किंमत नाही ती वस्तूच नाही. मी दहा रुपये सांगितले. मला जरा अपमान वाटला, पण कोणाचा ते कळेना.

चिठ्ठीसाठी तिनं आमच्या खोलीचा हिशोब उघडला आणि माझी नजर आकड्यावर पडली. आकडे मला अक्षरांच्या आधीपासून येतात. सेवेचे म्हणून काही पैसे लावलेले होते, माणशी, रात्रीवर, आणि माणसं तीन धरली होती. म्हणजे बक्षीस आधीच कापलेलं होतं. रविकांतनं सांगितलं नव्हतं, आणि बबनरावांच्या अभ्यासात हा प्रकार नव्हता.

"बाई, तिसरीचं तिकीट अर्धं हाय. बक्षीस पूर्ण कसं?"

"काका, त्यांची सेवा अर्धी केली का कोणी? गादी पूर्ण दिली, जेवण पूर्ण दिलं."

"मंग तिकीट अर्धं काहून?"

"खोलीचा भाव वेगळा. तिसऱ्यासाठी वेगळी खोली लागत नाही ना."

"आन एकटा आला त त्याले दोघांचे काहून? तो दोन जेवनं जेवते का?"

ती हसली. हसून म्हणाली, "काका, हा भाव मी ठरवत नाही." मग आवाज खाली करून म्हणाली, "नको असेल तर सेवेचे पैसे मी काढून टाकते. लोक काढतात. पण मग तुमच्या खोलीवाल्याच्या नावापुढं खूण पडते."

माझ्या गँगवर बायका पुरुषांइतकीच खडी फोडायच्या आणि त्यांची हजेरीची मजुरी कमी लागायची. तीही मी ठरवलेली नव्हती. मीही हसूनच सांगायचो.

"राहू द्या," मी म्हणालो. "तिघायचे पुरे राहू द्या."

चिठ्ठी हातात पडली आणि मागून कोणी माझा सदरा ओढला. बेबी होती. केस सुटलेले, तोंड पांढरं, भिंत धरून आलेली.

"अवो, कस्तुरा खोलीत नाही."

"केव्हाची?"

"मले का मालूम? मी झोपली होती. तुमी केव्हाचे गेले? पाच मिनिटं म्हनून गेले होते, आता दिवस बुडाले आला."

तेव्हा मी घड्याळ पाहिलं. मग पाहायला नको होतं असं वाटलं.

काउंटरच्या बाईनं भोंग्यावर कस्तुराबाईचं नाव पुकारलं. पण कस्तुराबाईला आयुष्यात कोणी भोंग्यावर पुकारलेलं नाही. ऐकलं तरी ते दुसऱ्या कोणाचं समजली असती. बेबीला खुर्चीत बसवून मी निघालो. लिफ्ट माणसांनी भरलेली, म्हणून जिन्यानं. एका मजल्यावर लोक पत्ते खेळत होते, एकावर नाच शिकवत होते. त्यांनी मलाही हात धरून दोन पावलं नाचवलं. एका मजल्यावर गोविंदसिंग भेटला. मी त्याला काही सांगायच्या आत तो टोपीबद्दल माफी मागायला लागला. मी म्हणालो, "वो बाद में. माताजी गुम गई." तो चादरींची ढकलगाडी तिथंच टाकून माझ्याबरोबर आला. माझा गुडघा शेवटच्या जिन्यावर बसला. तो पुढं गेला, वरून डोकावला आणि हात केला.

वर उघडं होतं. मध्ये पोहायचा हौद, त्याच्याभोवती मोठमोठ्यानं गाणी, लोक ओल्या कपड्यांनी फिरत होते. त्या सगळ्याकडं पाठ करून अगदी कठड्याजवळ एका लांब खुर्चीवर कस्तुराबाई बसली होती. पाय वर घेतलेले, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, हातात जहाजाचं कार्ड आणि आधार कार्ड दोन्ही धरलेली.

"वैनी!" मी धापा टाकत म्हणालो. "इथी कशा आल्या तुमी?"

"कार्ड दाखवलं. म्हन्लं, अर्ध्यावाली हाय, मले वर सोडा. एका पोरीनं आनून सोडलं."

"केव्हाच्या बसल्या?"

"तुमी गेले आन मी निंगाली. तुमाले टायम लागन हे मले मालूम होतं. इज्जतीचं काम लवकर होत नाही."

गोविंदसिंग हळूच मागं सरला. मी शेजारच्या खुर्चीच्या कडेवर बसलो. समोर पाणी होतं. दुसरं काहीच नव्हतं. मीही ते पहिल्यांदाच पाहत होतो. सबंध दिवस त्याच्यावरच होतो, पण पाहिलं नव्हतं.

"दिसते का वैनी?"

"दिसते ना. बाजूचं दिसत नाही, पन याच्यात मधातलं आन बाजूचं सारखंच हाय. काही चुकत नाही." मग म्हणाली, "लई हाय हो भाऊ. पन खारं हाय म्हन्तेत. याच्यानं एक वाफा भिजत नाही."

"हाव."

"मंग एवढं कायले असन?"

मला काय माहीत? मी मुकादम. मी म्हणालो, "काठ दिसला का?"

"नाही दिसला. लई पाह्यलं. चारी बाजूनं पाह्यलं, त्या पोरीनं फिरवून आनलं. कुठीच नाही." हे सांगताना तिचा आवाज असा होता की जणू काठ नसणं हे तिनंच केलं होतं. "तुमी यायच्या आंदी निळं होतं. मंग हिरवं झालं. मंग एक घंटा नुसतं चमकून राह्यलं, डोळा उघडवे ना. तुमचं हुकलं."

"हुकलं," मी म्हणालो.

"आता जे हाय ते पाहून घ्या. घाई करू नका, मी हाय इथीच."

सूर्य पाण्यात गेला. गाणी चालूच होती. मी म्हणालो, चला, गार लागेल, बेबी खाली एकटी आहे. ती म्हणाली, थांबा, अजून थोडं दिसते. मग आणखी थोडं दिसत राहिलं. मला काही दिसत नव्हतं, पण मी थांबलो.

पहाटे मुंबई आली. उतरताना गोविंदसिंगला चिठ्ठीसकट टोपी-दुपट्टा दिला. तो म्हणाला, त्यांच्या डोंगरातही लग्नात टोपी देतात. पुढच्या लग्नात ही कोणाला तरी देईन. बेबीनं त्याला विचारलं की हे सेवेचे कापलेले पैसे तुला मिळतात का? तो म्हणाला, वाटून मिळतात, आणि सगळ्यांना सारखे नाही, कोण कुठल्या देशाचा आहे त्यावर असतं. बेबीनं माझ्याकडं पाहिलं. मी बॅग उचलली.

मंगरूळपीरला आल्यावर बबनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की आपण असतो तर दहा रुपयांची चिठ्ठी दोन रुपयांत करून दिली असती. भागवतनं आईला विचारलं, काय पाहिलं? तिनं त्याला, सुनेला, गल्लीतल्या बायकांना, दळण आणायला गेली तिथं चक्कीवाल्याला, सगळ्यांना एकच सांगितलं: काठ नाही. मी पाहून आली.

उरलेला डोळा डॉक्टरनं सांगितलं होतं त्याप्रमाणं उन्हाळ्यात गेला. कस्तुराबाई दोन हजार पंचवीस साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, तापानं वारली. भागवत शेतात होता. जवळ बेबी होती.